विल्यम लॅम्बटन : बीदरच्या पठारावर थांबलेली दुर्बीण

बीदरला जाणारा प्रवासी किल्ला पाहतो, महमूद गावानचा मदरसा पाहतो, अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरींपाशी थोडा वेळ रेंगाळतो आणि बिदरी कामाची एखादी डबी घेऊन परततो. तेथून थोड्याच अंतरावर, आजच्या कर्नाटक आणि तेलंगण यांच्या सीमेलगत, दामरगिद्दा नावाचे गाव आहे. ते पाहायला कोणी जात नाही, कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या आकाराविषयी युरोपात जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांत या गावाचे नाव त्याच्या अक्षांशासह येते : १८ अंश ३ कला. १८१५ मध्ये एका वयस्कर इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने येथे एक सरळ रेषा मोजली. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. त्याच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झालेली होती आणि त्याचे आयुष्य दुर्बिणीतून पाहण्यात गेले.

लॅम्बटन इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या नॉर्थअॅलर्टन गावाजवळचा. घरची परिस्थिती बेताची. जन्मवर्षाबद्दल चरित्रकारांचे एकमत नाही. १७५३ ते १७५६ या काळात ते कुठेतरी पडते. गणितात त्याची गती लहानपणीच दिसून आली. पण गरिबाघरच्या हुशार मुलाला त्या काळी सैन्याची वाट सोपी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने लढला आणि यॉर्कटाउनच्या शरणागतीनंतर कैदेत पडला. सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात बराकींची व्यवस्था पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. तेथे एक तप गेले. पदोन्नती नाही, नाव नाही, हाताखाली फारशी माणसेही नाहीत. मोकळ्या वेळात तो गणित आणि खगोलशास्त्र वाचत राहिला. तेथेच सूर्यग्रहण पाहताना काच पुरेशी काळी नसल्याने डोळ्याला इजा झाली. मोजणीदाराच्या आयुष्यात यापेक्षा वाईट सुरुवात कोणती असू शकते, हे सांगणे कठीण आहे.

चाळिशी उलटल्यावर, १७९६ च्या सुमारास, तो आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे वेलिंग्टन म्हणून गाजलेला. १७९९ च्या म्हैसूर युद्धात श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री सैन्याची एक तुकडी अंधारात निघाली. ती दक्षिणेकडे जात आहे असा सेनापतीचा समज होता. लॅम्बटनने आकाशातले तारे पाहिले आणि तुकडी उलट दिशेने, थेट टिपूच्या छावणीकडे चालली आहे, हे त्याच्या ध्यानात आले. सेनापतीला ते पटायला वेळ लागला. होकायंत्र पाहिल्यावर ताऱ्यांचीच बाजू खरी ठरली. या प्रसंगाने लॅम्बटनकडे वरिष्ठांचे लक्ष गेले.

टिपूच्या पतनानंतर मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला, पण त्याचे नकाशे भरवशाचे नव्हते. लॅम्बटनने सुचवलेले काम मात्र नकाशाच्या पलीकडचे होते. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड साखळी टाकावी, मग दक्षिणोत्तर दुसरी टाकावी, आणि त्यातून पृथ्वीचा गोल विषुववृत्ताजवळ नेमका किती फुगीर आहे हेही काढावे, असा त्याचा आग्रह होता. विरोध झालाच. मद्रास सरकारातल्या एका सदस्याला यात पैशांची उधळपट्टी दिसली. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीवाल्या भोयांना सांगितले की पुरे, ते बरोबर नेऊन पोहोचवतात, अशा अर्थाचा त्याचा युक्तिवाद सांगितला जातो. ज्यांचे नकाशे तोवर प्रमाण मानले जात, त्या जेम्स रेनेल यांनाही हा खटाटोप सुरुवातीला अनावश्यक वाटला. वेलस्ली बंधूंच्या पाठिंब्यामुळे परवानगी मिळाली.

उपकरणे गोळा करण्याची कथा तर एखाद्या साहसकथेत शोभावी. मोजणीची पोलादी साखळी १०० फुटांची होती. चीनच्या सम्राटाला भेट देण्यासाठी इंग्रज वकिलातीने ती नेली होती. सम्राटाला ती नको होती. ती कलकत्त्यात विकायला आली आणि लॅम्बटनच्या हाती लागली. लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला थिऑडोलाइट, म्हणजे दुर्बीण बसवलेले कोन मोजण्याचे यंत्र, वजनाला सुमारे अर्धा टन होता. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि मॉरिशसला नेले. युद्ध चालू असतानाही तेथील फ्रेंच गव्हर्नरने यंत्र सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. शत्रूराष्ट्रांतले हे सौजन्य आजच्या वाचकाला नवलाचे वाटेल.

एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात, पहिली पायारेषा मोजली गेली : साडेसात मैल. येथे या पद्धतीचे मर्म थोडक्यात समजून घेतले पाहिजे. जमिनीवर एकच रेषा हाताने, साखळीने मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा राहतो, मग त्यापुढचा. मधल्या दऱ्या, नद्या, जंगले यांना स्पर्शही करावा लागत नाही. नजर पोहोचली की काम झाले. मात्र पहिल्या रेषेत शिरलेली चूक शेवटच्या त्रिकोणापर्यंत सोबत जाते. म्हणून त्या रेषेचे लाड राजपुत्रासारखे होत. साखळी लाकडी पन्हळीत ठेवायची, पन्हळी तिवयांवर समपातळीत आणायच्या, शेजारी उष्णतामापक ठेवायचे. पोलाद उन्हाने वाढते. आठ मैलांच्या रेषेत साखळीच्या तापमानाचा अंदाज १० अंश सेल्सिअसने चुकला, तर सुमारे ५ फुटांचा फरक पडतो. लॅम्बटनला हिशेब इंचांत हवा होता.

साखळी पश्चिमेकडे सरकत बंगळूरला पोहोचली. तेथे १८०४ मध्ये दुसरी पायारेषा मोजून पाहिली. मद्रासहून त्रिकोणांनी काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांच्या आतच अंतर आढळले. पुढे मंगळूरचा किनारा गाठल्यावर निघाले की, द्वीपकल्पाची रुंदी समजली जात होती तशी ४०० मैल नसून ३६० मैलच आहे. नकाशावरची ४० मैल जमीन अस्तित्वातच नव्हती. पालखीच्या भोयांना हे कधीच सांगता आले नसते.

मग आले १८०८ साल आणि तंजावर. त्या सपाट मुलखात उंच टेकड्या नाहीत. देवळांची शिखरे हीच उंच स्थाने. तंजावरच्या देवळावर थिऑडोलाइट चढवला जात असताना एक दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावर अंश, कला आणि विकला कोरलेल्या होत्या तेच वाकडे झाले. नवे यंत्र इंग्लंडहून यायला वर्ष-दोन वर्षे लागली असती, आणि तोवर सरकारने काम गुंडाळले असते. लॅम्बटनने नव्या यंत्राची मागणी केली. पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसला नाही. मोडके यंत्र घेऊन तो त्रिचनापल्लीला गेला, तंबूत बसला आणि कोणालाही जवळ येऊ देईना. यंत्राचे सारे भाग सुटे केले. एका सपाट फळीवर वर्तुळाचा मूळ आकार काटेकोर कोरून घेतला आणि वाकलेली कड खुंट्या व स्क्रू यांच्या साहाय्याने थोडीथोडी ओढत त्या आकारात बसवली. सहा आठवडे हे चालले. यंत्र पुन्हा उभे राहिले, पण पूर्वीइतके निर्दोष राहिले नाही. लॅम्बटनला ते ठाऊक होते. म्हणूनच तो एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर पुन:पुन्हा घेई, म्हणजे एका ठिकाणचा वाकडेपणा दुसऱ्या ठिकाणच्या वाकडेपणाने भरून निघावा. त्याच्या पुढल्या पंधरा वर्षांच्या कामावर कोणी शंका घेतली, तर ती याच जागी घेता येते. ती घेतली गेलीही.

कन्याकुमारीजवळून निघालेला दक्षिणोत्तर त्रिकोणांचा पट्टा, साधारण ७८व्या रेखावृत्ताला धरून, रायलसीमेतून निजामाच्या राज्यात शिरला. लोकांना ही मंडळी कोण, हे कळत नव्हते. डोंगरावर, किल्ल्याच्या बुरुजावर दुर्बीण चढवतात म्हणजे घरांतल्या बायकांवर नजर ठेवतात, अशी समजूत ठिकठिकाणी होती. त्यात त्या दुर्बिणींतून दृश्य उलटे दिसे, खाली डोके वर पाय. त्यामुळे संशय आणखी बळावे. हे सारे गावकऱ्यांचे अज्ञान म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. मोजणीमागून सारा येतो आणि साऱ्यामागून सत्ता, हे त्यांनी चांगलेच ओळखले होते.

१८१५ मध्ये दामरगिद्द्याला पायारेषा मोजली गेली. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे; गोव्यात ज्याला आपण चिरा म्हणतो तोच हा दगड. नैर्ऋत्येला कलबुर्गीकडे उतरू लागले की काळी कापसाची जमीन लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि आपल्यावर उभ्या असलेल्या भिंतींनाही हलवते. या मुलखातल्या जुन्या घरांच्या भिंती पाहिल्या की गवंड्याच्या ओळंब्याशिवायही ते कळते.

दामरगिद्द्यापर्यंत लॅम्बटनने मोजलेला कंस ९ अंश ५३ कलांहून अधिक भरला. कोणत्याही मोजमापाने एवढा लांब कंस विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तोवर मिळालेला नव्हता. त्यातून पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे गणित अधिक पक्के झाले. त्याच कामात एक कोडेही हाती आले. काही ठिकाणी ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश आणि त्रिकोणांवरून काढलेला अक्षांश जुळेनात. जमिनीखालच्या जड खडकांच्या ओढीने ओळंबाच किंचित तिरका होत असावा, असे अनुमान त्याने काढले. ज्याच्यावर विसंबून भिंत सरळ ठरवायची तो ओळंबाही सरळ नसतो, ही कल्पना त्या काळी सर्वांना सहज पचणारी नव्हती.

१८१७ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला आपला सदस्य करून घेतले. मायदेशाच्या रॉयल सोसायटीने त्याच सुमारास त्याची दखल घेतली. पुढच्या वर्षी, १ जानेवारी १८१८ पासून, हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले. मदतीला जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी नेमण्यात आला. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. लॅम्बटन अबोल, सोशिक, हाताखालच्यांना सांभाळून घेणारा. मद्रासच्या सर्व्हेइंग स्कूलमधून आलेली डी पेनिंग, ऑलिव्हर यांच्यासारखी मुले त्याच्याजवळच वाढली आणि शेवटपर्यंत राहिली. एव्हरेस्ट तापट, शिस्तीचा आणि दुसऱ्याच्या चुका काढण्यात तरबेज. १८१९ मध्ये कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात एव्हरेस्टचा तांडा तापाने आडवा झाला, काही माणसे दगावली, आणि प्रकृती सुधारण्यासाठी त्याला आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले. पावसाने हवा धुतली गेली की दूरचे निशाण स्पष्ट दिसते. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच काम करण्याची लॅम्बटनची रीत होती. हिवतापाचा हंगामही तोच. ही किंमत मोजणाऱ्या खलाशांची, निशाणवाल्यांची आणि हमालांची नावे अहवालांत क्वचितच येतात. एव्हरेस्ट परतल्यावर त्याच्याकडे दामरगिद्द्याच्या बाजूने पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने साखळी नेण्याचे काम आले.

लॅम्बटनच्या या पद्धतीचे आजचे रूप कॅमेऱ्यात आहे. एखादा पूल, धरणाची भिंत किंवा जुना मनोरा हलतो आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या अंगावर उपकरण चिकटवण्याऐवजी दूर तिवईवर कॅमेरा ठेवतात आणि ठरावीक अंतराने चित्रे घेतात. चित्रातला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, खरे तर एक कोन असतो. लॅम्बटन एका वेळी एक कोन वाचत असे, कॅमेरा लाखो वाचतो. १०० मिलिमीटरचे भिंग आणि ५ मायक्रॉनचा पिक्सेल घेतला तर १०० मीटरवरच्या मनोऱ्याचे ५ मिलिमीटर एका पिक्सेलमध्ये मावतात. संगणक दोन चित्रांची सांगड घालून पिक्सेलच्या अंशापर्यंत फरक ओळखतो. दोन कॅमेरे आणि त्यांच्यामधले अंतर अचूक मोजलेले असेल, तर मनोरा पुढे झुकला की बाजूला हेही कळते. ते मधले अंतर म्हणजेच लॅम्बटनची पायारेषा.

दुखणीही तीच राहिली आहेत. कॅमेरा स्वतःच केवळ १० विकलांनी कलला, तरी समोरचा स्थिर मनोरा ५ मिलिमीटर हलल्याचा भास होतो. म्हणून चौकटीत एखादी न हलणारी खूण ठेवावी लागते. एव्हरेस्टने पुढे गंगेच्या मैदानात मोजणीचे मनोरे बांधले, तेव्हा यंत्राचा खांब आणि माणसाने उभे राहायचा चौथरा एकमेकांपासून सुटे ठेवले, ते याच भीतीने. तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा दोन्ही काळांतल्या मोजणीदारांचा शत्रू. छायाचित्रावरून इमारत मोजण्याची कल्पना ज्याला सुचली तो जर्मन वास्तुविशारद अल्ब्रेख्त मायडेनबाउअर १८५८ मध्ये वेत्स्लारच्या चर्चचे मोजमाप घेताना उंचावरून पडता पडता वाचला होता. तंजावरला दोर तुटला तेव्हा यंत्र पडले. तेथे माणूसच पडला असता.

बीदरमध्ये या साऱ्याला अर्थ आहे. १४७२ मध्ये गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडणाऱ्या महमूद गावानचा मदरसा त्याच सुमाराचा. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने त्याच्या दर्शनी भागाचा मोठा हिस्सा गेला. दोन मनोऱ्यांपैकी एकच उभा आहे. अष्टूरला हुमायून शाहच्या कबरीचा घुमट विजेने दुभंगला, त्याची अर्धी कवटी आजही उघडी दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचे हादरे या दोन्ही जिल्ह्यांना बसले. अशा वास्तूची एखादी भेग कालची की शतकापूर्वीची, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. त्यासाठी आधीचे मोजमाप हाती असावे लागते. ते घेऊन ठेवणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग स्वतःच्या हयातीत दिसेलच असे नाही.

लॅम्बटनलाही तो पुरता दिसला नाही. १८२२ मध्ये एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात, टाकळखेडा येथे पुढची पायारेषा मोजली गेली. तेव्हा तो सत्तरीच्या आसपास होता आणि खोकल्याने पोखरला गेला होता. तरीही मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचा त्याचा निश्चय होता. हैदराबादेतल्या घरात त्याचा लहान-मोठ्या मुलांचा संसार होता. या गणिती माणसाने लग्नाची नोंद मात्र कधी केली नाही. प्रवासात दुखणे बळावले आणि २० जानेवारी १८२३ रोजी भोसल्यांच्या राज्यातल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्याच्या त्रिकोणांखाली आलेला होता.

सूत्रे एव्हरेस्टकडे गेली. गुरूच्या कामाची त्याने निर्दय तपासणी केली. साखळी झिजलेली, यंत्र एकदा वाकलेले. त्यावर भरवसा ठेवायला तो तयार नव्हता. पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरून उष्णतेचा दोष आपोआप काढून टाकणारी नवी मोजपट्टी त्याने इंग्लंडहून आणली आणि बीदरपासून उत्तरेकडचा सारा कंस नव्याने मोजायला घेतला. १८४१ मध्ये त्याचा सहकारी अँड्र्यू वॉ बीदरच्या पठारावर परत आला आणि लॅम्बटनच्याच परिसरात सुमारे आठ मैलांची पायारेषा नव्या पट्ट्यांनी मोजली. उत्तरेकडून शेकडो मैल त्रिकोणांनी आणलेली लांबी आणि ही लांबी यांत साधारण चार इंचांचा फरक निघाला.

याच वॉने १८५६ मध्ये हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचे नाव सुचवले. लॅम्बटनची कबर हिंगणघाटला एका साध्या वस्तीत आहे.